कागदाचं मैदान

बकुळाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते हजेरीच्या खिडकीतून. एकोणीसशे एक्कावन्न साल असेल. गिरणीच्या टाइम ऑफिसात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. गिरगावातून येणारा, इस्त्रीचा सदरा घालणारा, आपलं अक्षर सुंदर आहे याचा अभिमान बाळगणारा. वाइंडिंग खात्यातल्या बायका पाळीला जाण्याआधी खिडकीशी येऊन बिल्ला टाकत आणि मी मस्टरवर खूण करत असे. एक दिवस एक बाई बिल्ला टाकून तिथंच थांबली.

"साहेब, माझं नाव चुकलंय."

मी मस्टर पाहिलं. "बकुला. बरोबर आहे की."

"बकुळा. ळ आहे त्यात. ल नाही."

मागं रांग खोळंबली होती. मी म्हटलं, काय फरक पडतो बाई, हजेरी लागल्याशी कारण. त्या तशाच उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी मी ल खोडून ळ केला, तेव्हा मान हलवून त्या गेल्या.

पुढं हळूहळू त्यांची माहिती कळत गेली. मूळ गाव साताऱ्याकडचं. वडील याच गिरणीत रिंग खात्यात होते. धाग्याचं काम करता करता छाती भरून आली आणि गेले. पाठोपाठ आई. बकुळाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या आणि धाकटा भाऊ रामदास दहाचा. बाईंचं लग्न लहानपणीच झालं होतं, पण नवरा गोदीत कामाला म्हणून गेला तो दुसरं घर करून बसला. त्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या वडिलांच्या खोलीत परत आल्या, गिरणीत लागल्या आणि भावाला वाढवलं. चाळीतल्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात बसून वाचायला शिकल्या. रामदासलाही त्यांनी तिथं बसवून पाहिलं, पण त्याचं लक्ष लागायचं नाही. छापील अक्षर तो कसंबसं लावायचा, हाताचं लिहिलेलं मुळीच नाही.

बाईंच्या हातात कात्री होती. चाळीत चौदा एप्रिलच्या जयंतीची आरास त्याच करायच्या. पतंगी कागदाच्या घडीला चार काप दिले की जाळीची झालर सुटायची. कामट्या, सुतळी, सायझिंग खात्यातून मागून आणलेली वाटीभर खळ, एवढ्यावर त्या चाळीच्या तोंडाशी कमान उभी करत. ही आरास बघायला नायगावपासून लोक यायचे असं मी ऐकून होतो. पाहायला कधी गेलो नव्हतो.

त्रेपन्न साली गिरणीच्या कल्याण खात्यानं फुटबॉलचा संघ काढला. आमच्या भागात खेळ म्हणजे हुतुतू आणि लेझीम. फुटबॉलचं वेड फार थोड्यांना. पण मॅनेजरसाहेबांना आंतरगिरणी स्पर्धेत आपलं नाव हवं होतं. संघाचा चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली, कारण फॉर्म भरायला कुणीतरी लिहिणारा हवा होता. कप्तान झाला विणकामाकडचा बाबुराव, पन्हाळ्याकडचा उंचापुरा गडी. गोलकीपर रामदास, तोही तोवर वडिलांच्या रिंग खात्यात लागला होता.

रामदास अंगानं बारीक, पण उडी अशी घ्यायचा की चेंडू त्याच्या हाताकडे आपणहून येतोय असं वाटावं. ज्या विणकाम खात्यात त्याच्या जातीच्या माणसांना काम मिळत नसे, त्याच खात्यातले पाच गडी त्याच्या पुढ्यात खेळत. पहिल्या वर्षी मैदानावर पाण्याचा त्याचा पेला वेगळा असायचा. एका सामन्यात त्यानं शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली. बाबुरावनं धावत जाऊन त्याला उचललं, आपल्या लोट्यातलं पाणी त्याला पाजलं आणि उरलेलं स्वतः प्यायला. त्यानंतर वेगळ्या पेल्याचा विषय कुणी काढला नाही.

आता जानेवारी छप्पन्नचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

सोमवार होता. स्पर्धेच्या नोंदणीचे फॉर्म भरायचे होते आणि रामदासची सही राहिली होती. तो त्या आठवड्यात पाळी बदलून गेल्यामुळं मला भेटला नाही. दुसऱ्या दिवशी मी घरूनच थेट स्पर्धेच्या कचेरीत फॉर्म द्यायला जाणार होतो. मी एक चिठ्ठी लिहिली: 'उद्या सकाळी दहाच्या आत माझ्या घरी गिरगावात ये. फॉर्मवर सही हवी. उद्या शेवटचा दिवस.' शेवटचा दिवस या शब्दांखाली दोनदा रेघ मारली आणि चिठ्ठी त्याच्या खात्यातल्या एका माणसाजवळ दिली.

त्याच संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. आमच्या वाडीत लोक जेवणं टाकून खाली उतरले. मंगळवारी सकाळी रस्त्यावर दगड, पेटलेले टायर आणि पोलिसांच्या गाड्या. गिरण्या बंद, कचेऱ्या बंद. मी गॅलरीत उभा राहून घोषणा देत होतो. रामदासची आठवण झाली नाही असं नाही. झाली. अशा दिवसात तो कशाला येईल, असं मनाशी म्हटलं आणि विसरलो.

तो निघाला होता. करी रोडहून चालत. वाटेत एका नाक्यावर गोळीबार झाला आणि त्याच्या मांडीत गोळी लागली. त्याला इस्पितळात नेलं. गोळी काढली, तो घरी आला, जखम चिघळली, पुन्हा नेलं. मी एकदा भेटायला गेलो. त्यानं विचारलं, "साहेब, फॉर्मचं काय झालं?" मी म्हटलं, "तू आधी बरा हो." कचेरी बंद असल्यामुळं नोंदणीची मुदत पंधरा दिवसांनी वाढवली होती, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. त्याच्या जागी मी राखीव गोलकीपर गंगाधरचं नाव भरलं होतं. मार्चच्या अखेरीला रामदास गेला. चोवीस वर्षांचा होता.

गोळीबारात मेलेल्यांच्या याद्या तोवर होऊन गेल्या होत्या. दोन अडीच महिन्यांनी अंथरुणावर गेलेल्या माणसाचं नाव कुठं आलं नाही. गिरणीच्या दाराशी आम्ही शोकसभा घेतली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "रामदासनं संयुक्त महाराष्ट्रासाठी छातीवर गोळी झेलली." छाती म्हणालो. लोकांनी मुठी वर केल्या. त्या क्षणी मला फार हलकं वाटलं, हे आज कबूल करतो. तो हुतात्मा असेल तर त्याला कुणी बोलावलं होतं हा प्रश्नच उरत नव्हता. पुढची चार वर्षं मी हेच सांगत राहिलो, इतकं की माझं मलाच खरं वाटू लागलं. चळवळीत मी मनापासून होतो. सत्याग्रहात गेलो, आठ दिवस तुरुंगातही काढले. पण रामदासचं नाव घेतलं की पुढचं वाक्य मी घाईनं उरकायचो.

बकुळाबाई शोकसभेला आल्या होत्या. शेवटपर्यंत मागं उभ्या होत्या. त्या वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर लोटलेल्या त्या माणसांत त्या होत्या, आणि तिथंच त्यांनी दीक्षा घेतली असं नंतर कळलं. कामावर त्या पूर्वीसारख्याच येत. जयंतीची आरासही त्यांनी एकही वर्ष चुकवली नाही.

साठ सालच्या मार्चमध्ये आमच्या संघानं आंतरगिरणी कप जिंकला. सात वर्षांत पहिल्यांदा. मॅनेजरसाहेब खूश झाले. कँटीनच्या हॉलमध्ये चहापार्टी आणि सत्कार करायचा ठरला. तारीख आठ मे, रविवार. आदल्या रविवारी महाराष्ट्र राज्य झालेलं. रस्त्यावरच्या कमानी अजून उतरल्या नव्हत्या, माणसं भेटली की एकमेकांना पेढे देत होती. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "नुसत्या पताका लावू नका. आत पाऊल टाकलं की फुटबॉलचं मैदान दिसलं पाहिजे."

मैदान हॉलमध्ये कसं आणायचं मला कळेना. बाबुराव म्हणाला, "बकुळाबाईंना सांगा. यंदाची जयंतीची कमान बघितली मी. त्या काहीही उभं करतील."

मी वाइंडिंगच्या दाराशी गेलो. विचारताना नजर खालीच होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैदान केवढं असतं? आणि कुठं काय असतं?" मी फॉर्मच्या मागच्या बाजूवर आकृती काढून दिली. मधली रेघ, मधलं वर्तुळ, दोन्हीकडचे गोलपोस्ट. त्यांनी कागद उलटा करून, परत सुलटा करून पाहिला.

"शुक्रवारी पाळी सुटल्यावर सुरू करते," म्हणाल्या. "रमाबाईला बरोबर घेते."

रमाबाई त्यांच्या शेजारच्या साच्यावरची, बडबडी आणि हाताला झपाट्याची. दोघींनी तीन दिवसांत जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. रंगखात्यात डाग पडून बाजूला टाकलेलं हिरवं कापड मी मिळवून दिलं. ते त्यांनी शहाबादी फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलं आणि कडा खिळ्यांनी ठोकल्या. पांढरी फीत टाचून रेघा आखल्या. मधल्या वर्तुळासाठी रमाबाईनं दोरीचं एक टोक पायाखाली धरलं आणि बकुळाबाई दुसऱ्या टोकाला खडू बांधून गुडघ्यांवर सरकत फिरल्या. दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट. बांबूंना पांढरा कागद इतका घट्ट गुंडाळला की लाकूडच वाटावं. जाळ्या सुतळीच्या, गाठ गाठ हातानं मारलेल्या.

चेंडू करायची त्यांची रीत तर मी विसरूच शकत नाही. मातीची गोल मडकी पालथी घालून त्यांवर वर्तमानपत्रांचे तुकडे खळीनं थरावर थर चिकटवले. वाळल्यावर मधोमध कापून मडकं काढून घेतलं, दोन वाट्या जोडल्या, वरून कावेचा तांबूस रंग दिला आणि वाखाच्या दोरीनं कातडी चेंडूसारखी वेणी घातली. पत्रं त्याच आठवड्यातली होती. जिकडेतिकडे महाराष्ट्र, महाराष्ट्र असे ठळक मथळे. रमाबाई म्हणाली, "अगं, या मथळ्यावर कसा रंग फासायचा?" बकुळाबाई म्हणाल्या, "आत राहू दे. चेंडूची गोलाई धरायला घट्ट कागद लागतोच." असे अकरा चेंडू त्यांनी छताला टांगले. पंखा लावला की ते सावकाश हलायचे.

आणि भिंतीवर दोरी ताणून तिच्यावर कागदी जर्सी. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दहा, पाठीवर आकडे. गंगाधरची पिवळी. मी मोजल्या, त्या बारा निघाल्या. शेवटी आणखी एक पिवळी होती, तिच्यावर आकडा नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खळ ढवळत होत्या.

त्या बाराव्या जर्सीनं माझ्या मनात काय उठवलं सांगता येत नाही. मला वाटलं, बाईंना भावाचा मान हवा आहे. तो मी देणार. शनिवारी संध्याकाळी मी लालबागच्या एका पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, लाल जमिनीवर पांढरी अक्षरं: 'हुतात्मा रामदास यांस मानाचा मुजरा.' रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शिडीवर चढलो आणि स्टेजकडच्या गोलच्या आडव्या बांबूला ती बांधली.

उतरतोय तोच बकुळाबाई आल्या. हातात पताकांचं पुडकं होतं. त्यांनी पाटी वाचली, पुडकं खाली ठेवलं.

"ही कुणी लावली?"

"मी," म्हटलं. "तुम्हाला आवडेल असं वाटलं."

"काढा."

"बकुळाबाई, आज सगळे येणार आहेत. युनियनचे पुढारी येताहेत. एवढा मोठा मान..."

"तो मोर्च्यात नव्हता गेला, साहेब. तो तुमच्याकडं यायला निघाला होता."

शिडीची पायरी मी हातानं घट्ट धरली. चार वर्षं मला वाटत होतं, ती चिठ्ठी आणि ती गोष्ट रामदासबरोबर गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चिठ्ठी मीच वाचली की. त्याला तुमचं अक्षर लागायचं नाही." त्या स्टेजच्या कडेवर बसल्या. "सकाळी खाली गडबड चालली होती. तो म्हणाला, अक्का, उद्या जातो. मी म्हटलं, अरे दोन रेघा मारल्यात साहेबांनी, शेवटचा दिवस म्हणून. खेळायचं असेल तर जा. भाकरी खाऊन जा. त्यानं भाकरी खाल्ली आणि गेला."

हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. बाहेर रमाबाई कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होती, तिचं हसू आत येत होतं.

"मग चार वर्षं मला काही का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? चिठ्ठी तुमची. जा म्हणणारी मी."

मला वाटलं आता गप्प राहिलो तर पुन्हा कधी बोलता येणार नाही. मी म्हणालो, "बकुळाबाई, कचेरी त्या दिवशी बंद होती. मुदत पंधरा दिवसांनी वाढवली. सही नंतर केली असती तरी चाललं असतं."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले, खळ सुकून पांढरे झालेले, आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. एकदा फक्त ओठ घट्ट दाबले.

"हे कळलं नसतं तर बरं झालं असतं," म्हणाल्या. मग, "नाही. सांगितलंत ते बरं केलंत."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"पाटी काढा आधी. जे खरंखुरं गोळी खायला गेले, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? माझा भाऊ चेंडू धरायचा. चांगला धरायचा. लिहायचं असेल तर तेवढं लिहा."

मी पाटी उतरवली. त्यांनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कागद चिकटवला आणि माझ्याकडे ब्रश दिला. मी लिहिलं: 'रामदास. गोलकीपर. १९५३ ते १९५६.' अक्षर नीट येईना. त्यांनी वाचून पाहिलं, मान हलवली आणि ती पाटी स्वतः बाराव्या जर्सीखाली लावली.

पार्टी चार वाजता सुरू झाली. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यावर थबकला. हिरवळ, पांढऱ्या रेघा, वर टांगलेले चेंडू. काहींनी चपला काढल्या, कुणी सांगितलं नसताना. बाबुराव मधल्या वर्तुळात उभा राहून कितीतरी वेळ नुसता बघत होता. गंगाधर गोलच्या जाळीच्या गाठी बोटांनी चाचपत होता. मॅनेजरसाहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मी म्हटलं, हे बकुळाबाईंचं काम. त्यांनी, "हो का, छान," म्हटलं आणि पुढं गेले.

बकुळाबाई आणि रमाबाई मागं, चहाच्या बंबाशी उभ्या होत्या.

भाषणं झाली. शेवटी युनियनचे पुढारी उठले. त्यांना बोलण्याचे मुद्दे मीच आठवड्यापूर्वी लिहून दिले होते आणि सकाळच्या गोष्टीनंतर ते बदलायचं मला सुचलंच नाही. ते जोरात बोलत होते, नवं राज्य, कामगारांचं रक्त, आणि मग कागदाकडे पाहून म्हणाले, "आणि याच गिरणीचा वीर, छातीवर गोळी झेलणारा हुतात्मा रामदास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागं वळून पाहिलं. बकुळाबाईंच्या हातात कपांचा ट्रे होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. मस्टरच्या खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या तशा उभ्या होत्या.

मी उठलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हणालो, "साहेब, ते मुद्दे मी लिहिले होते. चुकीचे लिहिले. रामदासला गोळी मांडीत लागली. तो मोर्च्यात नव्हता. फॉर्मवर सही करायला मी त्याला चिठ्ठी पाठवून घरी बोलावलं होतं. तो माझ्याकडे येत होता. चार वर्षं मी हे लपवलं."

मग मागून कुणी ओरडलं, "खाली बस रे! आजच्या दिवशी काय हे?" दुसरा कुणी म्हणाला, "पोलिसांचीच गोळी होती ना? मग?" पुढारी घाम पुसत उभे होते. मॅनेजरसाहेब घड्याळाकडे बघत होते. मला खाली बसवेना आणि उभंही राहवेना.

तेव्हा बाबुराव उठला. तो कधी भाषण करत नसे. म्हणाला, "गोळी कशी लागली ते ह्यांनी सांगितलं. ते झालं. रामदासनं तीन वर्षं आमचा गोल राखला. मी त्याच्यापुढं खेळलोय, म्हणून सांगतो, असा गडी परत मिळाला नाही. गंगाधर, तू राग मानू नकोस."

"नाही मानत," गंगाधर म्हणाला.

"तर त्याच्यासाठी उभे राहू या."

खेळाडू आधी उठले. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले आणि सगळा हॉल उभा राहिला, ओरडलेला माणूससुद्धा. बकुळाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि पदर खांद्यावर नीट केला. मिनिटभर कुणी हललं नाही. मग मॅनेजरसाहेब बसले, बाकीचे बसले, आणि चहा फिरू लागला.

त्याचे परिणाम दोघांनाही भोगावे लागले. आमच्या वाडीतले चळवळीतले मित्र काही महिने माझ्याशी बोलत नव्हते. एकानं रस्त्यात अडवून विचारलं, शत्रूच्या हाती कोलीत दिलंस ते कुणाच्या सांगण्यावरून? बकुळाबाईंच्या चाळीत तर रामदासच्या नावाचा दगड बसवायचं चाललं होतं, ते थांबलं. शेजारणी म्हणाल्या, पदरात आलेला मान बाईनं घालवला. बाई म्हणाल्या, "पदरात नव्हताच तो. दुसऱ्याचा होता." त्यावरून दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका घरानं पुढच्या जयंतीला पुन्हा धरलं, दुसऱ्यानं कधीच नाही.

माझं आणि त्यांचं बोलणं मात्र त्यानंतर सुरू झालं. साहेब सुटलं, शरदभाऊ आलं. पंधरवड्यातून एकदा त्या खिडकीशी थांबून काहीतरी विचारत. एखाद्या अर्जात काय लिहायचं, शाळेचा दाखला कुठून आणायचा. चाळीतल्या कितीतरी मुलींचे फॉर्म त्यांनी माझ्याकडून भरून घेतले. तारीख लिहिली की दरवेळी विचारायच्या, "ही मुदत पक्की का? पुढं ढकलतात का?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारायच्या, आणि मी दरवेळी कचेरीत जाऊन खात्री करून यायचो.

पुढच्या मोसमात एका रविवारी त्या सामना पाहायला आल्या. मैदानावर बायका येत नसत. त्या रमाबाईला घेऊन आल्या, गोलच्या मागं उन्हात उभ्या राहिल्या. मी छत्री नेऊन दिली. गंगाधरनं दोन चेंडू अडवले, तिसरा त्याच्या बोटांना लागून आत गेला. बकुळाबाईंचा हात आपोआप पुढं झाला होता, तो त्यांनी मागं घेतला.

"एवढा चेंडू सगळे पायानं मारतात," म्हणाल्या, "आणि हातानं धरायची मुभा एकट्यालाच?"

"एकट्यालाच."

"म्हणून चुकला की त्याचाच दिसतो."

आम्ही हरलो. सामना संपल्यावर पोरं मैदानाच्या कडेला माना खाली घालून बसली होती. गंगाधर हातमोजे काढायलाही तयार नव्हता. बकुळाबाई त्याच्याजवळ गेल्या, छत्री मिटली आणि म्हणाल्या, "ऊठ. तुझी आई जेवायची थांबली असेल."

तो उठला. मग बाकीचेही उठले. आणि आम्ही सगळे, बाया पुढं आणि गडी मागं, करी रोडच्या दिशेनं चालू लागलो.